जर्मनीत तीन-तीन सॅक्सनी कशा काय? वेटिन घराण्याचा घोळ कोणी सोडवून सांगेल का

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबचा आहे, इथे चालत नसेल तर ॲडमिनने उडवला तरी राग नाही.

पुतण्या गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीत फ्रायबर्गला आहे, खाणकामाचं इंजिनिअरिंग करतोय. (मी आधी आठ दिवस मॅपवर भलतंच फ्रायबुर्ग बघत होतो, ते निघालं तिकडे स्वित्झर्लंडच्या बाजूला, आणि मी वहिनीला रोज तिथलं हवामान सांगत होतो.) मागच्या रविवारी तो ड्रेस्डेनला फिरायला गेला आणि त्याने एका भिंतीचा व्हिडिओ पाठवला. शंभर मीटरच्या वर लांब भिंत आणि तिच्यावर घोड्यावर बसलेले राजेच राजे, एकामागे एक, जशी काय वरात निघालीय. सगळं चिनीमातीच्या फरशांवर, तेवीस हजारच्या आसपास फरशा आहेत म्हणे. पोरगा म्हणतो काका हे सगळे एकाच घराण्याचे, वेटिन नाव, पार १९१८ पर्यंत यांचंच राज्य होतं इथे.

झालं, माझ्या डोक्यात किडा. रात्री मॅप उघडून बसलो तर सॅक्सनी एक नाही, तीन. वर उत्तरेला लोअर सॅक्सनी, मधे सॅक्सनी-आनहाल्ट, आणि खाली कोपऱ्यात नुसतं सॅक्सनी, जिथे आमचा पोरगा आहे. त्यात पुन्हा वाचायला गेलो तर सॅक्स-वायमार, सॅक्स-गोथा, सॅक्स-कोबुर्ग, सॅक्स-माइनिंगेन, अरे किती. आणि राणी व्हिक्टोरियाचा नवरा पण ह्यांच्यातलाच निघाला. म्हणजे नेमकं घराणं कोणतं, गाव कोणतं, आणि एवढे तुकडे पडले कसे? कोणाला माहीत असेल तर आपल्या भाषेत सांगा, इंग्रजीत वाचून वाचून झोप येते.

थाळनेरकर

भाऊ, घोळ तुमचा नाही, नावाचा आहे. जमीन जागेवरच राहिली आणि नाव चालत गेलं.

मूळचे सॅक्सन लोक उत्तरेचे, आज जिथे लोअर सॅक्सनी आहे तिथले. तिथला बाराव्या शतकातला ड्यूक म्हणजे हेन्री द लायन, वेल्फ घराण्याचा, बव्हेरिया पण त्याच्याकडेच, आजचं म्युनिक त्यानेच वसवलेलं. माणूस इतका मोठा झाला की जर्मनीतल्या सगळ्या राजांच्या वरचा सम्राट बार्बारोसा, त्याने इटलीच्या लढाईला मदत मागितली तर सरळ नाही म्हणाला. मग ११८० ला सम्राटाने त्याचं सगळं काढून घेतलं. सॅक्सनीचा पश्चिमेकडचा भाग कोलोनच्या आर्चबिशपला दिला आणि ड्यूक ही पदवी दिली आस्कानियन घराण्याच्या बर्नहार्डला. आता गंमत बघा, बर्नहार्डची स्वतःची जमीन कुठे, तर पूर्वेला एल्ब नदीच्या काठी. म्हणजे पदवी सॅक्सनीची, वावर भलतीकडे. हळूहळू त्या वावरालाच सॅक्सनी म्हणायला लागले, मुख्य गाव विटेनबर्ग. १३५६ ला सम्राटाने जो मोठा कायदा केला, सोन्याचा शिक्का लावलेला, त्यात राजा निवडणारे जे सात जण ठरले त्यात ह्या विटेनबर्गवाल्याचा नंबर लागला. त्यांना इलेक्टर म्हणतात, आणि हे साधं मत नव्हतं, आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण पॅनलच त्यांच्या हातात.

१४२२ ला विटेनबर्गची ही शाखा संपली, वारस नाही. तेव्हा आणखी दक्षिणेला माइसेनला वेटिन घराणं बसलेलं होतं, त्यांचा फ्रेडरिक, लढवय्या म्हणून प्रसिद्ध. सम्राट सिगिस्मुंडला बोहेमियात (आजच्या चेक देशात) हुसाइट नावाच्या धर्म-बंडखोरांशी लढायला माणूस पाहिजेच होता, त्याने १४२३ ला सॅक्सनीची पदवी ह्या फ्रेडरिकला देऊन टाकली. मग वेटिनांनी काय केलं, हातात आलेलं मोठं नाव आपल्या सगळ्याच मुलखाला लावून टाकलं. माइसेन, ड्रेस्डेन, लाइपझिग, जिथे मूळ सॅक्सनांचं राज्य कधी नव्हतं, ते सगळं सॅक्सनी झालं. नाव उत्तरेतून निघालं आणि नदीच्या उलट्या दिशेने वर चढत चढत ड्रेस्डेनला येऊन बसलं.

लांब कशाला जायचं, आपल्या खानदेशचंच बघा. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर, किल्ला असीरगड, म्हणजे खानदेशचं नाक तिकडे आणि आज ते दोन्ही मध्य प्रदेशात. अकबराने १६०१ ला असीरगड घेतला आणि पोरगा दानियाल याच्या नावावरून दानदेश करून टाकलं, ते काय टिकलं नाही. इंग्रजांनी १९०६ ला पूर्व आणि पश्चिम असे दोन खानदेश केले. आता सरकारी कागदावर खानदेश नावाचा जिल्हाच नाही, तरी आपण जळगाव-धुळे-नंदुरबारवाले स्वतःला खानदेशीच म्हणतो ना.

कान्हदेशी

खानदेश नाही, कान्हदेश. खानांच्या आधीपासून हा मुलूख आहे.

थाळनेरकर

हो दादा, त्या वादावर इथे आधीच एक धागा तुंबलाय, तो तिकडेच चालू द्या. 🙏

गिरणाकाठ

थाळनेरकरांनी नावाचं सांगितलं, मी घराण्याचं सांगतो, चाळीसगावला स्टेशनवर बसलोय, गाडी दीड तास लेट आहे.

वेटिन हे एका किल्ल्याचं नाव, साले नदीच्या काठी, हाले शहराजवळ. (हो, नदीचं नाव तसंच आहे, हसू नका.) मूळचे तिथले काउंट. त्या काळात एल्बच्या पलीकडे स्लाव लोक, आणि सम्राटाने सीमेवर मार्ग्राफ नेमलेले, म्हणजे सरहद्दीचे सुभेदार समजा. माइसेनचा गड ९२९ पासूनचा. लाइपझिग हे नाव सुद्धा स्लावांचं, लिंडेनच्या झाडावरून पडलेलं. वेटिनांचा कोनराड ११२३ ला माइसेनचा मार्ग्राफ झाला, तिथून खरी चलती. आणि ह्याच कोनराडने शेवटी काय केलं, ११५६ ला सगळी जमीन पाच पोरांत वाटून टाकली आणि स्वतः मठात जाऊन बसला, पुढच्या वर्षी वारला. म्हणजे वाटणीचा रोग पहिल्या पिढीपासून. केळीबाग भाऊ, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आलं.

थोरला ऑटो, त्याला माइसेन मिळालं. त्याचं नशीब असं की ११६८ ला त्याच्या मुलखात चांदी सापडली. दंतकथा अशी आहे की हालेहून मीठ घेऊन बोहेमियाला जाणाऱ्या गाडीवानांना चाकोरीत चमकणारा दगड दिसला. जमीन ऑटोने आधी मठाला दान दिलेली होती, चांदी निघाल्यावर बदल्यात दुसरी देऊन परत घेतली (दानाचं असं असतं). मग जाहीर केलं की ज्याला खोदायचंय त्याने यावं आणि खोदावं, राजाचा हिस्सा द्यावा. लोक लोटले. त्या मोकळ्या डोंगरावर जे गाव झालं ते फ्रायबर्ग, म्हणजे तुमचा पुतण्या जिथे शिकतोय तेच. खाणकामाचं कॉलेज तिथे उगाच नाही, १७६५ पासून आहे. ऑटोला लोक ऑटो द रिच म्हणायला लागले.

आणि पैसा आला की काय येतं ते खानदेशात सांगायची गरज नाही. ऑटोचा जीव धाकट्या डीट्रिशवर, गादी त्याला द्यायचं मनात. थोरल्या आल्ब्रेश्टने ११८९ ला बापाला धरून कोठडीत टाकलं. सख्ख्या बापाला! शेवटी सम्राट बार्बारोसाने मधे पडून सोडवलं, पण म्हातारा पुढच्या वर्षी गेलाच.

गाडी आली. १४८५ वाली मोठी वाटणी कोणीतरी सांगा, ती ह्याच्यापेक्षा भारी आहे.

भुसावळ_यार्ड

बापाला कोंडलं म्हणजे आमच्याच गल्लीतले वाटतात 😂

केळीबाग_रावेर

वा वा, आता कुठे डोक्यात शिरतंय. पण मला एक समजत नाही. आपण शाळेत शिकलो की राजाचा थोरला मुलगा गादीवर बसतो, बाकीचे सरदार बिरदार होतात. मग हे सगळ्या पोरांत वाटत का बसले? कोणी शहाणा माणूस नव्हता का त्यांच्यात?

धुळ्याच्या_बाई

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा केळीबाग, तुम्ही म्हणता ते शाळेचं पुस्तक मीच शिकवलं असेल. 😊

थोरल्याला सगळं ही पद्धत जर्मनीत उशिरा रुजली. तिकडे जुनी समजूत अशी की मुलूख ही घराण्याची मिळकत, आणि मिळकतीत प्रत्येक मुलाचा हक्क. थाळनेरकरांनी जो १३५६ चा कायदा सांगितला त्याने एवढंच केलं की इलेक्टर पदाला जोडलेली जमीन फोडायची नाही, ती थोरल्याकडेच. बाकीची जमीन फोडायला मोकळी. वेटिनांकडे इलेक्टरची जमीन म्हणजे विटेनबर्गच्या आसपासचा एक पट्टा, बाकी माइसेन आणि थुरिंगिया एवढा मोठा मुलूख उघडा पडलेला.

थुरिंगिया कसं आलं तेही ऐका. तिथलं जुनं घराणं १२४७ ला निपुत्रिक संपलं. त्यावर जवळजवळ सतरा वर्षं भांडण चाललं, शेवटी १२६४ ला थुरिंगिया वेटिनांच्या हेन्रीला आणि हेस दुसऱ्या बाजूला, असा तोडगा निघाला. ह्या हेन्रीला प्रेमगीतं रचायचा नाद होता, त्याची काही गाणी अजून शिल्लक आहेत. पण पोरगा निघाला आल्ब्रेश्ट, ज्याला इतिहासाने 'बिघडलेला' हीच पदवी दिली. बायको कोण, तर सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकची मुलगी मार्गारेट. हा दुसऱ्या बाईच्या नादी लागला, आणि १२७० ला मार्गारेट वार्टबुर्गच्या किल्ल्यातून रात्री पळून गेली, त्याच वर्षी वारली. कथा अशी सांगतात की निघताना तिने लहानग्या फ्रेडरिकला जवळ घेतलं आणि रडता रडता त्याच्या गालाचा असा चावा घेतला की वण राहिला. म्हणून तो 'चावलेला फ्रेडरिक'. खरंखोटं देव जाणे, मी वर्गात ही गोष्ट सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरं सुद्धा गप्प व्हायची.

बापाने पुढे १२९४ ला थुरिंगिया चक्क जर्मनीच्या राजाला विकून टाकलं. पोरांच्या डोक्यावरून खरेदीखत! ह्या चावलेल्या फ्रेडरिकने भाऊ डीट्सला घेऊन झगडून झगडून १३०७ ला लुकाच्या लढाईत राजाची फौज पळवली आणि मुलूख परत आणला. म्हणजे घराणं त्याच्यामुळे वाचलं. ड्रेस्डेनच्या भिंतीवर तो असणार, पुतण्याला शोधायला सांगा. मार्गारेट मात्र शोधू नका, भिंतीवर राण्या नाहीतच.

गिरणाकाठ

बाई, लुकाची लढाई मला माहीतच नव्हती, धन्यवाद. गाडीत नेट आहे तोवर १४८५ मीच सांगून टाकतो.

आधी भाऊ-भाऊ लढाई. लढवय्या फ्रेडरिकचे पोरगे, थोरला फ्रेडरिक, ज्याला सौम्य म्हणायचे, आणि धाकटा विल्यम. १४४५ ला वाटणी केली, ती पटली नाही, १४४६ ते १४५१ पाच वर्षं एकमेकांची गावं जाळली. त्यात सौम्य फ्रेडरिककडून एक सरदार लढत होता, कुन्झ फॉन काउफुंगेन. त्याचं म्हणणं माझं लढाईत नुकसान झालं, मला पकडलं, खंडणी मीच भरली, भरपाई द्या. भरपाई मिळेना. कोर्टात गेला, तिथे पण निकाल मनासारखा लागेना. आपल्याकडे माणूस अशा वेळी तहसीलपुढे उपोषणाला बसतो. ह्याने काय केलं, १४५५ च्या जुलैत रात्री दोराच्या शिड्या लावून आल्टेनबुर्गच्या वाड्यात शिरला आणि सौम्य फ्रेडरिकची दोन पोरं उचलली. थोरला एर्न्स्ट १४ चा, धाकटा आल्ब्रेश्ट ११ चा.

निघाले बोहेमियाच्या बॉर्डरकडे, दोन टोळ्या करून, धाकटा कुन्झबरोबर, थोरला त्याच्या साथीदारांबरोबर. कुन्झ जंगलात सापडला. गोष्टीत तर एका कोळसे पाडणाऱ्याने काठीने झोडपून धरला असं आहे. दुसरी टोळी थोरल्याला घेऊन गुहेत लपलेली, त्यांनी कुन्झ पकडला गेल्याचं ऐकलं आणि माफीच्या अटीवर पोरगा परत दिला. कुन्झचं मुंडकं आठवड्याभरात उडवलं, कुठे, तर फ्रायबर्गच्या बाजारचौकात. केळीबाग भाऊ, पुतण्याच्या गावात!

आता खरी गोष्ट. हेच दोन पोरगे मोठे झाले, बाप गेल्यावर वीस वर्षं एका घरात एकत्र राज्य केलं. भांडण नाही तंटा नाही. आणि मग १४८५ ला लाइपझिगला बसून मुलूख फोडला. पद्धत काय होती माहितीये, थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. एर्न्स्टने वाटे पाडले. एका बाजूला थुरिंगियाचा मोठा भाग, दुसऱ्या बाजूला माइसेन, ड्रेस्डेन, लाइपझिग. विटेनबर्ग आणि इलेक्टर पद त्याचंच, ते वाटणीच्या बाहेर. धाकट्या आल्ब्रेश्टने बोट ठेवलं ते माइसेनवर. एर्न्स्टला ते आवडलं नाही, पण शब्द गेला होता. पुढच्याच वर्षी एर्न्स्ट घोड्यावरून पडून वारला. आणि श्नेबर्गच्या चांदीच्या खाणी, त्या मात्र फोडल्या नाहीत, दोघांच्या सामाईक ठेवल्या.

एर्न्स्टची ती एर्नेस्टाइन शाखा, आल्ब्रेश्टची ती आल्बर्टाइन. इथून पुढे घर कायमचं दोन.

केळीबाग_रावेर

हे वाचून मी गप्पच बसलो थोडा वेळ.

आमच्या आजोबांच्या वेळची वाटणी मी स्वतः बघितलेली, आठ-नऊ वर्षांचा असेन. ओट्यावर घोंगडी टाकलेली, गावातले चार जण बसलेले, वडिलांनी (थोरले तेच) वावराचे दोन वाटे पाडले, एकात केळीची जमीन कमी पण रस्त्याला लागून, दुसऱ्यात जमीन जास्त पण आत. आणि काकांना म्हणाले उचल. काका बराच वेळ बोललेच नाहीत, सुपारी कातरत बसले, आणि मग रस्त्याची बाजू उचलली. वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. विहीर मात्र सामाईक ठेवली, सातबाऱ्यावर आजही दोघांची नावं आहेत, चार दिवस मोटर आमची चार दिवस त्यांची, आणि जेवढी भांडणं झाली तेवढी त्या विहिरीवरूनच झाली, वावरावरून एकही नाही. मला तर वाटतं त्या श्नेबर्गच्या खाणीवरून पण हेच झालं असणार.

बरं पुढे काय झालं? धाकट्याची बाजू वर गेली की थोरल्याची?

भुसावळ_यार्ड

आता माझा नंबर. मी रेल्वेत होतो, नाइट ड्यूटीला पुस्तकं वाचायची सवय, लूथरवर बरंच वाचलंय.

आधी थोरल्याची बाजू वर गेली. एर्न्स्टचा पोरगा फ्रेडरिक द वाइज, त्याने १५०२ ला विटेनबर्गला युनिव्हर्सिटी काढली. का, तर वाटणीत लाइपझिग काकाकडे गेलं आणि तिथली १४०९ ची जुनी युनिव्हर्सिटी पण गेली, मग आपल्या वाट्यात आपली नको का. त्या नव्या युनिव्हर्सिटीत एक साधू मास्तर आला, मार्टिन लूथर. १५१७ ला त्याने पोपच्या माफीपत्रांच्या धंद्याविरुद्ध लिहिलं आणि पुढे सगळ्या युरोपात आग लागली. सम्राटाने लूथरला गुन्हेगार ठरवलं तर फ्रेडरिकने त्याला गुपचूप उचलून वार्टबुर्गला ठेवला, बाईंनी सांगितलं तो चावा झाला तोच किल्ला. तिथे दाढी वाढवून, नाव बदलून बसला आणि बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. आणि चुलत घरातला ड्यूक जॉर्ज, ड्रेस्डेनवाला, तो मरेपर्यंत लूथरच्या कट्टर विरोधात. म्हणजे वाटणी झाली नसती तर लूथरला आसरा मिळाला असता का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

मग १५४७. फ्रेडरिकचा पुतण्या योहान फ्रेडरिक इलेक्टर होता, प्रोटेस्टंटांचा पुढारी, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या विरोधात उभा. आणि त्याचा चुलत घरातला मोरिट्स, तो पण प्रोटेस्टंटच, पण गेला सम्राटाच्या बाजूला, इलेक्टर पदाच्या आशेने. एल्बच्या काठी म्यूलबर्गला लढाई झाली, योहान फ्रेडरिक तोंडावर वार खाऊन पकडला गेला. इलेक्टर पद आणि विटेनबर्ग दोन्ही मोरिट्सच्या घरात. लोक त्याला माइसेनचा जुडास म्हणायचे. तिकीट मिळालं म्हणून पक्ष बदलला, दुसरं काय. आणि पाच वर्षांनी १५५२ ला हाच मोरिट्स सम्राटावर उलटला, म्हणजे दोन्हीकडून झाला. १५५३ ला एका लढाईत गोळी लागून गेला, वय फक्त ३२.

म्हणजे १४८५ ला धाकट्याने जे उचललं तेच शेवटी मोठं झालं. ड्रेस्डेनवाल्यांनी पुढे वाटणी जवळजवळ थांबवली आणि वाढत गेले, त्यांच्यातला ऑगस्ट द स्ट्राँग तर धर्म बदलून, म्हणजे लूथरचा पंथ सोडून कॅथलिक होऊन, १६९७ ला पोलंडचा राजा झाला. माइसेनची चिनीमाती त्याच्याच काळातली, १७१० चा कारखाना, तुमच्या भिंतीच्या फरशा तिथल्याच.

थाळनेरकर

आणि थोरल्याच्या बाजूकडे राहिलं थुरिंगिया, आणि त्यांनी ते फोडत फोडत भुगा केला. गोथाच्या एर्न्स्टला, धार्मिक म्हणायचे त्याला, सात पोरगे राहिले. तो १६७५ ला गेला, १६८० ला सात तुकडे. गोथा, कोबुर्ग, माइनिंगेन, रोमहिल्ड, आयझेनबर्ग, हिल्डबुर्गहाउझेन, साल्फेल्ड. सात भाऊ, सात दरबार, सात जण ड्यूक. प्रत्येकाच्या नावापुढे सॅक्स, कारण सॅक्सनीचा ड्यूक ही पदवी घराण्यातल्या प्रत्येक पोराची, गाव फक्त पुढे जोडायचं, म्हणून ती जोडनावं. केळीबाग भाऊ, ती जी यादी वाचून तुम्हाला झोप आली ती ही.

फारुकींचं पण तेच. मलिक राजा १३९९ ला गेला, दोन पोरांत मुलूख वाटला, थाळनेर धाकट्या इफ्तिखारकडे. नासिरखानाने १४१७ ला माळव्याची मदत घेऊन थाळनेर भावाकडून हिसकावलं. आमच्या गावच्या किल्ल्यावर आता बाभळी आणि तापीचं वारं, पोरं रील काढायला जातात.

धुळ्याच्या_बाई

थाळनेरकर, 'भुगा' म्हणालात ते मला पटलं नाही, जरा थांबा.

फौजेच्या आणि पैशाच्या हिशेबाने भुगा, कबूल. पण सात दरबार म्हणजे सात ग्रंथालयं, सात वाद्यवृंद, सात ठिकाणी नोकरी. बाखचा जन्म १६८५ ला आयझेनाखचा, ते असल्याच एका छोट्या राजधानीचं गाव. पुढे तो वायमारच्या ड्यूककडे नोकरीला होता आणि नोकरी सोडतो म्हणाला तर त्याच ड्यूकने १७१७ ला त्याला महिनाभर तुरुंगात ठेवला, हे पण तितकंच खरं. गोएथे १७७५ ला वायमारला आला, मरेपर्यंत तिथेच राहिला आणि त्या एवढ्याशा राज्यात मंत्री म्हणून रस्ते आणि खाणी सुद्धा बघायचा. विटेनबर्ग हातचं गेलं तर एर्नेस्टाइनांनी १५५८ ला येनाला नवी युनिव्हर्सिटी उभी केली, तिथे पुढे शिलर शिकवायला होता. एकच मोठा राजा ड्रेस्डेनला बसला असता तर हे सगळं एकाच गावात गोळा झालं असतं. मोठं शेत एकाच्या नावावर राहिलं की एकच पीक घेतलं जातं, हे केळीवाल्यांना मी काय सांगावं.

आणि व्हिक्टोरियाचं राहिलंच. आल्बर्ट सॅक्स-कोबुर्ग-गोथाचा धाकटा मुलगा, म्हणजे वाटणीत काहीच न येणारा. १८१९ चा जन्म, १८४० ला व्हिक्टोरियाशी लग्न. तिची आई आणि ह्याचा बाप सख्खे बहीणभाऊ. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, इथे आत्याची केली. आल्बर्टचा काका लिओपोल्ड तर १८३१ ला बेल्जियमचा पहिला राजा झाला. जमीन तुटपुंजी, मग पोरं लग्नं करून बाहेर गेली आणि बाहेर राजे झाली. इंग्लंडच्या राजाने पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, जर्मन नाव नको म्हणून विंडसर करून टाकलं.

भुसावळ_यार्ड

बाई, पटलं. ड्रेस्डेनवाल्यांची हौस पण १८१५ ला फिटली. नेपोलियनच्या बाजूने शेवटपर्यंत राहिले, हरले, आणि व्हिएन्नाच्या बैठकीत निम्म्यापेक्षा जास्त मुलूख प्रशियाने घेतला. विटेनबर्ग गेलं. खुद्द वेटिनचा किल्ला ज्या भागात आहे तोही प्रशियाच्याच सॅक्सनी प्रांतात. तो प्रांत पुढे आनहाल्टला जोडला, म्हणून तुमच्या मॅपवरची मधली सॅक्सनी-आनहाल्ट. वरची लोअर सॅक्सनी हे राज्य तर १९४६ ला दुसऱ्या महायुद्धानंतर बनलं, तिथे जुनं मूळ नाव परत आलं. झाल्या तीन.

कान्हदेशी

कोबुर्ग आता कुठे आहे? ते पण सॅक्सनीत?

थाळनेरकर

नाही दादा, तेच तर. १९१८ ला सगळे राजे गेले, थुरिंगियातली सगळी छोटी राज्यं जोडून १९२० ला एक राज्य केलं, राजधानी वायमार. कोबुर्गच्या लोकांनी मात्र १९१९ ला मतदान केलं आणि आम्ही तिकडे नाही येत म्हणाले, आणि बव्हेरियात गेले. आज सॅक्स-कोबुर्ग ना सॅक्सनीत ना थुरिंगियात. बुऱ्हाणपूरला जाऊन मराठीत चहा मागून बघा, तेच फीलिंग.

कान्हदेशी

बराबर शे भाऊ.

केळीबाग_रावेर

मंडळी, काय बोलू. हा सगळा धागा मी पुतण्याला पाठवला. त्याने भिंतीचा व्हिडिओ पुन्हा बघून चावलेला फ्रेडरिक शोधला, सापडला म्हणतो. शेवटचा राजा मात्र भिंतीवर नाही, तो १९०४ ला गादीवर आला आणि चित्र त्याच्या आधीच काढून झालेलं होतं. ऑगस्ट द स्ट्राँगच्या घोड्याच्या पायाखाली एक गुलाब पडलाय, ते लूथरच्या गुलाबाचं चिन्ह आहे असं त्याला तिथल्या माणसाने सांगितलेलं, तेव्हा त्याला काही कळलं नव्हतं, आता कळलं.

आणि गिरणाकाठ भाऊ, तुमच्यासाठी खास. कुन्झचं मुंडकं जिथे उडवलं तिथे चौकात खाली एक वेगळा काळा दगड बसवलेला आहे, आणि नगरपालिकेच्या जुन्या इमारतीवरून एक दगडी मुंडकं त्याच्याकडे बघत असतं. आमचा पोरगा गेले कित्येक महिने त्याच दगडावरून कांदे-बटाटे आणायला जात होता. काल त्याने फोटो पाठवला, दगड, आणि दगडाच्या कडेला त्याचा बूट, आणि हातातली पिशवी आमच्या रावेरच्या दुकानाची.